आधी आतून



आमच्या सिकंदराबादच्या धर्मग्रामात एक जुनी व्हॅन आहे. रविवारी वृद्धांना मिस्साला आणायचे आणि परत पोहोचवायचे, एवढेच तिचे काम. उपवासकाळाच्या सुरुवातीला तिच्याखाली ऑईलचे थेंब दिसू लागले. गळती इंजिनाच्या तळच्या ऑईल चेंबरच्या सांध्यातून होती. आम्ही दोनदा बाहेरून सिलिकॉन लावले. आठवडाभर बरे, मग पुन्हा थेंब. ऑईल संपत गेले तर इंजिनच जाम होईल, म्हणून शेवटी राणीगंजमधून नवे पॅकिंग घेतले आणि ओळखीच्या मेकॅनिकचाचांकडे गेलो.

चाचांचा रोजा होता. आमचाही शुक्रवारचा उपवास. आमचे सिलिकॉन पाहून ते हसले, "मैल पे कुछ भी लगाओ साब, टिकता नई."

त्यांनी ऑईल काढले, बोल्ट खोलून चेंबर खाली उतरवला. तळाशी काळा गाळ साचला होता. आम्ही तो डिझेलने धुतला. चाचांनी जुन्या पॅकिंगचे तुकडे दोन्ही बाजूंनी, चेंबरच्या कडेवरून आणि वर इंजिनाच्या कडेवरूनही, ओरखडा न उठवता खरवडले. पॅकिंग बसवायला दहा मिनिटे लागली, सफाईला दोन तास. बोल्टसुद्धा एकदम आवळले नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे. "जास्त आवळले तर कड वाकते," चाचा म्हणाले.

हात काळे करून बसलो असताना आम्हांला धर्मशिक्षणाच्या वर्गातील एक ताई आठवल्या. मागच्या वर्षी मुलांसमोर आम्ही त्यांना टोचून बोललो होतो. नंतर माफी मागितली नाही. दर रविवारी हसून "जय ख्रिस्त" मात्र म्हणत राहिलो. तेही बाहेरून लावलेले सिलिकॉनच! पेला आधी आतून स्वच्छ करा, असे प्रभू येशू परूश्यांना सांगतो (मत्तय २३:२६). हे वचन आम्ही कितीदा मुलांना शिकवले असेल!

शनिवारी पापनिवेदन केले, आणि मग ताईंच्या घरी गेलो. "चूक आमची होती," एवढेच बोलता आले. ताईंनी चहा दिला. फार बोलल्या नाहीत. आम्हीही आग्रह केला नाही. सिलिकॉन सुकायलासुद्धा रात्र जाऊ द्यावी लागते.

रविवारी व्हॅनखाली पुठ्ठा ठेवला होता. मिस्सानंतर पाहिले, तो कोरडा होता. ताई वर्गात आल्या आणि आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

प्रिय वाचकहो, आपण कुठे नुसते बाहेरून लिंपत आहोत? पुनरुत्थानाच्या सणाआधी तो सांधा उघडू या.

प्रार्थना: हे प्रभो, आमचा गाळ आम्हांला पाहू दे, आणि तो धुण्याचे धैर्य दे. आमेन.