बाळ कोणाच्या हाती देतेस?

पुणे

चि. सायली,


तुझी सव्वीस आठवड्यांची रजा संपत आली आणि तू पाळणाघरं बघत हिंडते आहेस, असं ताई फोनवर म्हणाली. एसी, कॅमेरे, खेळणी अशी तुझी यादीही तिने वाचून दाखवली. यादी असू दे, पण सगळ्यात वर एक प्रश्न लिही: दिवसभर बाळाला घेणार कोण, आणि पुढची दोन वर्षं तीच बाई राहील का?

सातव्या-आठव्या महिन्यापासून बाळ माणसं पारखायला लागतं. अनोळखी हात पुढे आले की ओठ काढतं. लोक ‘रडका झालाय’ म्हणतात. खरं तर ती त्याची समज वाढल्याची खूण. नेमक्या याच दिवसांत सांभाळणारी सारखी बदलली, तर त्याने विसंबायचं कुणावर?

१९४६ साली बुडापेस्टला एमी पिक्लर या डॉक्टरबाईंनी महायुद्धात उघड्यावर पडलेल्या बाळांसाठी घर काढलं. त्या काळी अनाथालयांत पोटभर दूध आणि स्वच्छता असूनही मुलं कोमेजून जात. पिक्लरबाईंनी सांभाळणाऱ्या प्रत्येकीकडे ठरावीक बाळं सोपवली आणि घाई करायची नाही असा दंडक घातला. ‘आता तुला उचलते हं’ असं सांगायचं, क्षणभर थांबायचं, मग उचलायचं. झबलं घालताना बाही पुढे धरायची आणि बाळ हात पुढे करतं का, याची वाट बघायची. न्हाऊमाखू घालणं, भरवणं, लंगोट बदलणं हाच तिथे बाळाशी बोलण्याचा वेळ.

म्हणून पाळणाघर बघायला जाशील तेव्हा भिंतीवरची चित्रं बघू नकोस, लंगोट बदलताना बघ. बाई मोबाइल कानाशी धरून पाय वर उचलून पुसतात, की बाळाच्या डोळ्यांत बघतात? बाळाने हुंकार दिला तर त्यांच्याकडून ‘हो का रे?’ असं उत्तर येतं का? अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात आयांना दोन-तीन मिनिटं बाळासमोर निर्विकार चेहऱ्याने बसायला सांगितलं. बाळं आधी हसून, हात पुढे करून आईला बोलतं करू पाहत. दाद मिळेना, तेव्हा कावरीबावरी होऊन तोंड फिरवत. बोलताही न येणारं मूल उत्तराची इतकी वाट बघतं.

आणि उत्तर देणारी बाई स्वतः दमलेली असेल तर ती किती देणार? एकटीच्या अंगावर आठ-दहा मुलं टाकली तर कितीही मायाळू बाई नुसती पुसापुशी करत राहील. तेव्हा तिच्याकडे मुलं किती, पगार वेळेवर होतो का, तिला जेवायला उसंत मिळते का, हेही नि:संकोच विचार. चार पैसे जास्त पडले तरी चालतील. हे बाळाच्या वाढीचेच प्रश्न आहेत.

बाळ त्या बाईंना बिलगलं तर मनाला लावून घेऊ नकोस. आजी, आत्या, काकू यांच्या हाती वाढलेली मुलं आईला विसरली नाहीत. पहिले काही दिवस तू त्याच्यासोबत तिथे बस, मग तासाभर एकटं ठेवण्यापासून सुरुवात कर. आणि निघताना त्याचा डोळा चुकवून जाऊ नकोस. रडलं तरी सांगून जा आणि सांगितलेल्या वेळेला परत ये.

तुझी,
मावशी