एमजीबीचे काळे डबे

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार घेतली की नव्या मालकाचा हात बॉनेटखाली सगळ्यात आधी एअर फिल्टरच्या डब्यांवर पडतो. इंजिनाच्या डाव्या अंगाला दोन गोल काळे डबे, प्रत्येकाला एक आखूड नळी. रंग पोपडे धरलेला, नळीच्या मुळाशी गंज. शेजारचं सगळं पुसून चकचकीत करावं आणि हे दोघे मात्र मळकट दिसावेत, हे लोकांना सहन होत नाही. मग बाजारातून क्रोमचे चपटे फिल्टर येतात आणि डबे भंगारात जातात. मी गाड्या दुरुस्तीच्या कामात बरीच वर्षं आहे आणि माझं मत हट्टाने उलटं आहे. हा डबा कार्बोरेटरचं झाकण नाही, कार्बोरेटर तिथूनच सुरू होतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात अँबॅसडरच्या इंजिनांवर हात बसला. बर्मिंगहॅमला आल्यावर पहिल्यांदा एमजी उघडली, तेव्हा ओळखीचंच माणूस भेटल्यासारखं झालं, आणि त्यात नवल काही नव्हतं. बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सीरीज इंजिनाचं १४८९ सीसीचं रूप आपल्याकडे अँबॅसडरने वर्षानुवर्षं ओढलं. १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्‌स कारमध्येही तेच घराणं होतं. १९६२ मध्ये एमजीबी आली तेव्हा ते वाढून १७९८ सीसी झालं, ताकद ९५ अश्वशक्तीवर गेली. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९८० पर्यंत अशा पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या, त्यामुळे हे काळे डबे दुर्मीळ आहेत असं कुणालाच वाटत नाही.

डबा का महत्त्वाचा हे कळायला आतला एसयू कार्बोरेटर समजून घ्यावा लागतो. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. पादत्राणांचा मोठा व्यापार असलेल्या इंग्लंडमधल्या स्किनर घराण्यातल्या भावांनी तो काढला. सुरुवातीच्या एसयूमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता! १९२६ मध्ये विल्यम मॉरिसने ती कंपनी विकत घेतली, आणि एमजी म्हणजे तरी काय, मॉरिस गॅरेजेस.

या कार्बोरेटरात पेट्रोलचा मुख्य जेट एकच. त्यात एक निमुळती सुई उतरलेली असते आणि ती सुई पिस्टनला जडलेली असते. इंजिनाने हवा ओढली की पिस्टनच्या वरच्या पोकळीतला दाब उतरतो, पिस्टन वर उचलला जातो, हवेची वाट मोठी होते, सुई वर सरकते आणि पेट्रोलही त्याच बेताने वाढतं. पण वरचा दाब उतरून भागत नाही. पिस्टनच्या खालच्या अंगाला बाहेरच्या हवेचा दाब मिळाला तरच तो उचलला जाणार. ही हवा आत शिरते कार्बोरेटरच्या तोंडाशी फ्लॅन्जवर असलेल्या बारीक भोकांतून. म्हणजे नेमकी तिथून, जिथे फिल्टरच्या डब्याचा मागचा पत्रा गॅस्केट मध्ये घेऊन बसतो.

एक हिरवी एमजीबी आठवते. आयडलिंग गोड, गावात चालवायला उत्तम, पण मोटरवेवर चढली की दम तोडायची. मालकाने दुसऱ्या गॅरेजातून कॉइल बदलून घेतली होती, मग डिस्ट्रिब्युटर, मग पेट्रोलचा पंप. बिलांची चळत घेऊन आला होता बिचारा. मी त्याला एवढंच विचारलं, की हे क्रोमचे फिल्टर केव्हा लावले? म्हणाला, त्याच सुमाराला. पुढचा फिल्टर खोलला तर गॅस्केट उलटं बसलेलं, भोकं झाकलेली. एक पिस्टन उचलला जात होता, दुसऱ्याचा श्वास कोंडलेला. गॅस्केट सुलटं केलं, बोल्ट आवळले, गाडी मोटरवेवर नेली आणि ती सरळ ओढू लागली. त्याने पैसे देताना जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. एवढ्याशा कागदासाठी पैसे द्यायचे, की आधीच्या बिलांसाठी रडायचं, हे त्याचं त्यालाच ठरत नसावं.

उलटं गॅस्केट मूळ डब्यांतही बसू शकतं, त्यामुळे हा दोष एकट्या क्रोमचा नाही. त्याचे दोष वेगळे आहेत. मूळ डब्याच्या मागच्या पत्र्याला आतून सनईच्या तोंडासारखी पसरट, वळवलेली कड असते. वरवर पाहणाऱ्याला ती पत्र्याची शोभा वाटते. पण धारदार कडेवरून वळताना हवा भोकाच्या काठापासून सुटते, आत भोवरे होतात आणि दीड इंची भोक असूनही दीड इंच हवा जात नाही. गोल कडेवरून तीच हवा काठाला धरून आत जाते. चपट्या स्वस्त फिल्टरमध्ये ही कड नसते, शिवाय त्याचा पुढचा पत्रा कार्बोरेटरच्या तोंडापुढे इतका जवळ येतो की हवेला काटकोनात वळावं लागतं. त्यात या इंजिनाचा एक्झॉस्टही त्याच बाजूला, कार्बोरेटरच्या बरोबर खाली. डब्याची नळी त्यापासून जरा लांबून हवा घेते. उघडा फिल्टर भोवतालची सगळी गरम हवा ओढतो. मग क्रोम लावल्यावर गाडी जास्त पळते असं लोक शपथेवर का सांगतात? आवाजामुळे. डबा हवेचा सुस्कारा दाबून टाकत होता, तो आता कानाला सुखावतो. ऐकायला मजा येते हे मी नाकारत नाही.

गंजलेला डबा दुरुस्त करताना मी तो सँडब्लास्टिंगला देत नाही. दुमडलेल्या शिवणीत वाळूचे कण अडकतात, आणि फिल्टरच्या पलीकडे, स्वच्छ बाजूला राहिलेला एकेक कण इंजिनाच्या आत जातो. गंज रसायनाने काढावा, पोचे लाकडी ठोकळ्यावर हळू हळू बाहेर आणावेत, नळी सुटली असेल तर पुन्हा जोडावी, काळा रंग द्यावा. बोल्टांची भोकं थरथरीने लांबट झाली असतील तर ती भरून पुन्हा पाडावीत, नाहीतर डबा सैल राहतो आणि धूळ फिल्टर चुकवून बाजूने शिरते. काढताना अर्धा इंची पाना पुरतो, पण बोल्ट सुटताक्षणी कार्बोरेटरच्या तोंडात कापड खुपसायचं. आत पडलेला वॉशर शोधण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही. आणि अगदी सुरुवातीच्या गाड्यांत रॉकर कव्हरची श्वासनळी पुढच्या डब्यात येते, हे विसरू नये. ते दोन डबे एकसारखे नसतात.

बसवून झाल्यावर मिक्श्चर तपासावंच लागतं. इंजिन गरम करून पिस्टन साधारण एक बत्तिसांश इंच, म्हणजे ०.८ मिलिमीटर, अलगद उचलायचा. आवाज क्षणभर चढून पुन्हा जागेवर आला तर बरोबर. चढतच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बसायला लागलं तर कमी. हवेची वाट खरोखर मोकळी झाली असेल तर वरच्या वेगाला पेट्रोल कमी पडतं आणि मग सुईच बदलावी लागते. सुयांच्या दांड्यावर बारीक खुणा कोरलेल्या असतात. माझे डोळे आता भिंगाशिवाय त्या वाचत नाहीत. नुसते फिल्टर बदलून सुई तीच ठेवणाऱ्याला मी अर्धं काम करणारा म्हणतो. खोल, चांगल्या प्रतीचे फिल्टर, आत गोल कड आणि जोडीला योग्य सुई, एवढं करणार असेल कुणी तर माझी हरकत नाही. मग ते ट्यूनिंग झालं, नटवणं नाही.

एमजीबीची आख्खी बॉडीदेखील जुन्याच डायवर काढलेली नवी मिळते. ब्रिटिश मोटर हेरिटेजने ते १९८८ मध्ये सुरू केलं. तेव्हा नवा डबा मिळणं अवघड नाही. पण डबे घ्यायचेच असतील तर जुने हातात असताना घ्या. शेजारी शेजारी ठेवून आतली कड, फ्लॅन्जची भोकं, नळीचा कोन आणि श्वासनळीची तोटी एकेक करून ताडून पाहा. जुळत नसेल तर परत करा. आणि जुने डबे, कितीही गंजलेले असोत, भंगारात घालू नका. दुरुस्त होईपर्यंत माप घ्यायला दुसरं काही नसतं.