बाहेर बसा

आजीला रात्रीची झोप नाही. नव्वदी ओलांडल्यापासून तर नाहीच. म्हणून घरात पाळ्या लागल्यात, शनिवारची माझी. कूस बदलून द्यायची, घोटभर पाणी पाजायचं, ‘किती वाजले गं?’ला उत्तर द्यायचं. मधल्या वेळात मी तिच्या पलंगाला टेकून लॅपटॉप उघडते.

तसाच एकदा ‘द हंगर’ लावला. 1983चा, टोनी स्कॉटचा. रक्तपिपासूंचा म्हणून लावला, तर त्यात सुळेच नाहीत. गळ्यातल्या लॉकेटमध्ये एक पातं असतं, ते आपलं काम झटपट उरकतं. मग न्यूयॉर्कमधलं ते मोठं घर, हलणारे पडदे, शूबर्टचं संगीत आणि सगळं संथ. मिरियम (कॅथरीन दनव) हजारो वर्षांची. जॉनला (डेव्हिड बोवी) तिनं दोनेकशे वर्षांपूर्वी आपल्यात ओढलंय, कायमचं जगशील असा शब्द देऊन. तारुण्य किती टिकेल, ते मात्र सांगायचं राहून गेलं. एके दिवशी जॉनची झोप उडते. सुरुवात तिथून.

तो म्हातारपणावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरकडे जातो. ती त्याला वेड्यात काढते आणि बाहेर बसायला सांगते. तो बसतो. माणसं येतात, जातात. केसांतून हात फिरवला की बोटांत केस. हातांवर डाग, गळ्याची कातडी सैल. तेव्हा जेमतेम पस्तिशीचा असलेला बोवी बसल्या बसल्या ऐंशीचा होतो. ही रंगभूषा डिक स्मिथची. पडद्यावरचा हात पाहिला आणि माझी नजर चादरीवरच्या हाताकडे गेली. सुयांच्या जागी अजून निळं होतं.

‘कोण गं हा म्हातारा?’

‘मघाचाच तो, आजी. तरुण होता ना.’

‘बसवून ठेवलंय होय त्याला?’

गेल्या पावसाळ्यात एका दवाखान्यात आम्हाला साडेतीन तास बसवलं होतं. ते ती विसरलेली नाही.

पुढे मिरियम जॉनला उचलून माळ्यावर नेते. तिथं शवपेट्या. तिची आधीची सगळी प्रेमाची माणसं त्यांत. एकही मेलेलं नाही. जॉन मरण मागतो आणि नेमकं तेच तिच्याकडे नसतं. ती त्याला हळुवारपणे पेटीत निजवते. त्या हळुवारपणानंच माझ्या अंगावर काटा आला.

‘कुठं ठेवलं त्याला?’

‘माळ्यावर.’

‘जिवंत?’

‘हो.’

आजी बराच वेळ गप्प. लहानपणी अश्वत्थाम्याची गोष्ट मला हिनंच सांगितलेली. कपाळीची जखम घेऊन दारोदार तेल मागणाऱ्या त्या चिरंजीवाची. मला तेव्हा भीती वाटायची ती जखमेची.

‘मग तेल तरी घालतं का कुणी त्याला?’ तिनं विचारलं. मी लॅपटॉप मिटला.

उरलेला भाग पुढच्या शनिवारी पाहिला. शेवट ओढूनताणून जोडल्यासारखा आहे. माळ्यापर्यंत मात्र जरूर बघा.