आपण 'वाई'

मिझोराममध्ये मैदानी मुलखातून आलेल्या कुणालाही 'वाई' म्हणतात. बंगाली, बिहारी, पंजाबी, मराठी, सगळे एकाच शब्दात. कृष्णाकाठच्या वाईशी त्याचा काही संबंध नाही. पण आमच्याकडे नेमका वाई तालुक्यातला एक हवालदार होता. बाजारात दोन बायका त्याच्याकडे पाहून आपसात 'वाई' म्हणाल्या, तर गडी हरखून म्हणतो, "साहेब, आपलं गाव इथवर पोचलं की!"

शब्द मात्र तेवढा गमतीचा नाही. जानेवारी 1871 मध्ये लुशाईंनी कछारमधल्या चहाच्या मळ्यावर धाड घातली. विंचेस्टर नावाचा साहेब मारला गेला, त्याची चिमुरडी मेरी त्यांनी पळवून नेली. तिला सोडवायला आणि टेकड्यांना धाक बसवायला इंग्रजांनी पलटणी धाडल्या. मिझो लोक त्या मोहिमेला 'वाईलेन' म्हणतात, म्हणजे वाईंची स्वारी. 1889-90 ची ती दुसरी वाईलेन. तेव्हा गोरा साहेब आणि त्याच्या हाताखालचा गुरखा, पंजाबी शिपाई, सगळेच वाई होते. पुढे गोऱ्यांसाठी 'साप' हा वेगळा शब्द रुळला (आपला साप नव्हे, 'साहेब'चंच ते मिझो रूप). साहेब सुटला, आपण राहिलो. 1873 मध्ये इनर लाइनचा कायदा आला. वैरेंगटेच्या नाक्यावर आजही बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्याला, मजुराला परमिट दाखवावं लागतं.

मग 1966. मार्चमध्ये बंड उठलं, आयझॉलवर आपल्याच विमानांनी मारा केला. पुढच्या वर्षीपासून गावंच्या गावं उठवून हमरस्त्याच्या कडेला, पहाऱ्यात वसवली गेली. घरं, धान्याची कोठारं मागे जाळली गेली. त्या काळातली माणसं 'वाई' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे वाण्याचं दुकान येत नाही, हिरवी वर्दी येते. 1986 च्या करारानंतर तिथे जी शांतता आली, ती आजवर टिकली. तशी देशात दुसरीकडे फार दिसत नाही. पण तिथे पोस्टिंगवर जाणाऱ्या अधिकाऱ्याने हा इतिहास वाचल्याशिवाय गाडीत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि या शब्दाने नाराज होण्याआधी मराठी माणसाने वाटेतल्या सिलचरला जरा थांबावं. गाव बंगाली बोलणारं. तिथे आपल्याला वाई कुणी म्हणणार नाही, पण त्यांच्या भाषेत आपल्यासाठी जुना शब्द आहे, 'बर्गी'. मूळ आपला बारगीर. शिलेदाराचं घोडं स्वतःचं, बारगीराला ते सरकारातून मिळायचं, एवढाच साधा लष्करी फरक. 1741 ते 1751 या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर गेल्या, आणि घोड्याच्या हिशेबातला हा शब्द तिथल्या आयांच्या अंगाईत जाऊन बसला. पोरं अजून बर्गीच्या धाकाने झोपतात. आपण ज्याला पराक्रम म्हणून शिकलो, त्याची ही दुसरी बाजू मला पुण्यात कुणी सांगितली नव्हती.

मिझो भाषेने मात्र वाईला नुसतं स्वारीत बंद करून ठेवलेलं नाही. मक्याला ते 'वाईमिम' म्हणतात, तंबाखूला 'वाईह्लो'. दोन्ही पिकं बाहेरून आलेली. ज्या वाटेने पलटणी वर चढल्या, तिकडूनच कधीतरी बियाणंही आलं असावं. आज तेच कणीस तिथल्या झूमच्या शेतात उभं असतं, आणि त्याला कुणी परमिट विचारत नाही.

आयझॉलहून सेलिंगच्या पुढे रस्त्याकडेला बांबूच्या छोट्या टपऱ्या लागतात. विकणारं कुणी नसतं, मालक शेतावर गेलेला. भाजी, फळं मांडलेली, भाव लिहिलेला, शेजारी पैशांचा डबा. गिऱ्हाईक मिझो की वाई हे बघायला तिथे माणूसच नाही. माझ्याकडे शंभराची नोट होती. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, डब्यात टाका आणि उरलेले त्यातूनच मोजून घ्या.