डिकीला बांधलेल्या सायकली

पहिला कॅरिअर मी किंमत बघून घेतला. आमची हॅचबॅक, तिच्या छताला रेल नाहीत, मागे टो-बार नाही. दुकानात डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक सगळ्यांत स्वस्त होता आणि तो कुठल्याही गाडीला बसतो असं खोक्यावर छापलेलं होतं. मला तेवढं पुरलं. सायकली कुणाच्या, किती वजनाच्या, रस्ता कुठला, त्या चढवणार-उतरवणार कोण, यातलं काही मी विचारात घेतलं नाही. आज कुणी माझा सल्ला मागितला तर गाडीचं मॉडेल मी सर्वांत शेवटी विचारतो.

हा रॅक तसा साधा. नळ्यांची एक चौकट असते, तिचे फोमचे पाय डिकीच्या दारावर टेकतात. वर, खाली आणि बाजूंना नायलॉनचे पट्टे असतात. त्यांचे हुक दाराच्या कडेत अडकवायचे आणि बकलातून पट्टा खेचून आवळायचा. मुख्य भार वरच्या पट्ट्यांवर येतो. आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर प्लॅस्टिकचा स्पॉयलर होता, त्यामुळे वरच्या हुकांना पत्र्याची कड नीट सापडत नव्हती. ते मला पहिल्याच दिवशी दिसलं. हुक जरा सरकवून बसवले, रॅक हलवून पाहिला, घट्ट वाटला, आणि मी तो विषय तिथेच सोडला. नायलॉन भिजला की सैल पडतो, हे मला ठाऊक नव्हतं. पण वाटेत थांबाल तेव्हा पट्टे पुन्हा आवळा, असं रॅकबरोबरच्या कागदावर लिहिलेलं होतं आणि तो कागद मी वाचला होता.

बेत असा होता की पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरायचं आणि दिवेआगर ते श्रीवर्धन हा रस्ता सायकलने करायचा. आरावी, शेखाडीकडचा तो पट्टा ज्यांनी सायकलवरून पाहिला आहे त्यांना त्याची ओढ सांगावी लागणार नाही. रस्ता समुद्राला इतका लगटून जातो की शेजारी कुणी बोललं तरी लाटांच्या आवाजात ऐकू येत नाही. मित्र एसटीने आधीच पोचला होता. त्याची कार्बनची रोडबाइक त्याने माझ्या भरवशावर सोडली होती. रॅकवर आतल्या बाजूला माझी सायकल, बाहेरच्या बाजूला त्याची.

पौडपर्यंत कोरडं होतं. मुळशी मागे पडल्यावर भुरभुर सुरू झाली. ताम्हिणीच्या अलीकडे बायको म्हणाली, "अहो, मागून काहीतरी वाजतंय. थांबा की जरा." आवाज मलाही येत होता. मी म्हणालो, "घाट उतरला की बघतो." रस्ता ओला होता, धुकं होतं, अंधाराच्या आत मुक्काम गाठायचा होता. ही सगळी कारणं खरी होती. पण डाव्या हाताला गाडी घेता येईल अशी जागाही होती, आणि ती मी मागे जाऊ दिली. आरशात पाहिलं तर फक्त सायकली दिसत होत्या. निघाल्यापासून तेच दिसत होतं, त्याची सवय झाली होती.

उतारावर एका वळणाला समोरून एसटी आली आणि मी ब्रेक दाबला. वरचा एक हुक निसटला, रॅक एका अंगाला कलंडला आणि मित्राची सायकल रस्त्यावर जाऊन पडली. मागून स्कूटरवर एक जोडपं येत होतं. सायकल चुकवायला गेले आणि घसरले. त्यांना खरचटलं होतं. ताई मात्र उजवा हात छातीशी धरून रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या. आम्ही त्यांना माणगावला डॉक्टरकडे नेलं. मनगट मोडलं होतं.

दवाखान्याबाहेर त्यांचे यजमान मला म्हणाले, "दादा, तुम्ही ब्रेक मारला ते कळलंच नाही. दिवा दिसलाच नाही." ते चिडले नव्हते, जे झालं ते सांगत होते. मी गाडीपाशी जाऊन बाहेर काढून ठेवलेला रॅक आणि सायकली पुन्हा पूर्वीसारख्या धरून पाहिल्या. डाव्या-उजव्या दिव्यांवर चाकं येत होती, काचेतल्या तिसऱ्या दिव्यासमोर फ्रेम, आणि नंबरप्लेट अर्धी झाकलेली. नंबरप्लेट झाकणं हा तर कायद्यानेच गुन्हा आहे. सकाळी निघताना मी गाडीच्या मागे उभं राहून फोटो काढला होता. त्या फोटोतही एक दिवा दिसत नव्हता. मी तेव्हा सायकली बघत होतो.

त्या ताई घरी कपडे शिवायच्या. दिवाळी तोंडावर होती, हाताला प्लास्टर. उपचाराचा खर्च मी दिला, बुडलेल्या कामाचे पैसेही आग्रहाने दिले. पण त्या दिवाळीत दुसरीकडे गेलेली गिऱ्हाइकं सगळी परत आली नाहीत, हे मला पुढे त्यांच्याकडूनच कळलं. त्याची भरपाई मला करता आली नाही. मित्राच्या सायकलचा डिरेलरचा हँगर वाकला होता, तो किरकोळ खर्च. फ्रेमवर वरून फक्त ओरखडे होते. पण कार्बनला आतून तडा गेला असेल तर तो बाहेरून दिसतोच असं नाही, आणि अशा फ्रेमवर कुणाला घाट उतरू देणं मला पटेना. मी नवी फ्रेम घेऊन दिली. तो पैशाचं बोलूच देत नव्हता. "फ्रेमचं राहू दे रे, त्या ताईंचा हात कसा आहे ते सांग," एवढंच विचारत राहिला.

पुढे गाडी बदलली आणि छतावरचा रॅक घेतला. मागचे दिवे मोकळे राहतात, आरसा मोकळा राहतो. पण उभी सायकल छतावर गेली की गाडीची उंची पावणेतीन मीटरपर्यंत जाते, आणि इमारतींच्या तळघरातले पार्किंगचे अडसर पुष्कळदा 2 मीटरच्या आसपास असतात. अशाच एका उतारावर बायकोने वेळेवर हात धरला म्हणून वाचलो. या वेळी ती "थांबा" म्हणाली आणि मी थांबलो. छतावर किती वजन चालतं हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. आडव्या दांड्या आणि रॅक यांचं वजनही त्यातच धरायचं. द्रुतगती मार्गावर हवेचा अडथळा वाढून पेट्रोल बरंच जास्त लागतं, ते एक वेळ सोसता येतं. मला खटकलं ते वेगळंच. 14 किलोची एमटीबी डोक्याच्याही वर उचलून बसवणं बायकोला किंवा मुलीला एकटीने जमत नव्हतं. म्हणजे सायकल त्यांची, आणि ती नेणं माझ्यावर अवलंबून. शिवाय कार्बनच्या सायकलला फ्रेम आवळणारा चिमटा चालत नाही, चाकं किंवा फोर्क धरणारा रॅक लागतो. फोर्कचा घ्यावा तर क्विक रिलीजवाला थ्रू अॅक्सलच्या सायकलला अॅडॉप्टरशिवाय बसत नाही.

युरोपात टो-बारवर बसणारे रॅक सर्रास वापरतात. त्यांना स्वतःचे दिवे आणि नंबरप्लेटची जागा असते, ते गाडीच्या विजेला जोडलेले असतात, आणि सायकल गुडघ्याइतक्याच उंचीवर उचलावी लागते. माझ्या मते गाडीबाहेर सायकल नेण्याची तीच सर्वांत चांगली पद्धत. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना कंपनीकडून टो-बार येत नाही, म्हणून ती आपल्यापुरती बाद.

आता आम्ही दोन सायकली गाडीच्या आत नेतो. मागची सीट पाडायची, पुढची चाकं काढायची, डिरेलर वरच्या बाजूला ठेवायचा, मध्ये जुनी चादर घालायची. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा, नाहीतर चुकून लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात. आणि सगळं पट्ट्याने बांधायचं, कारण ब्रेक लागला की मोकळी सायकल पुढे येते. बायको हे सगळं माझ्याआधी उरकते. सायकली जास्त असल्या तर टेम्पो करतो.

ज्यांना रॅक घ्यायचाच आहे त्यांनी खुशाल घ्यावा, अनेकजण तो नीट वापरतात. माझी विनंती एकच. सायकली चढवून झाल्यावर कुणाला तरी गाडीत बसवून ब्रेक दाबायला सांगा आणि स्वतः दहा पावलं मागे जाऊन उभे राहा. दिवा दिसला नाही, तर त्या दिवशी तसे निघू नका.