आकाश कोणाचे?

पूर्वी सामना दाखवणाराच सामना भरवणाऱ्याकडे पैसे मागत असे, हे आजच्या तरुणांस खरे वाटत नाही. दूरदर्शनवर क्रिकेट दिसावे, तर मंडळाने सामन्यामागे 5 लाख रुपये भरावेत, अशी 1990 च्या सुमाराची रीत होती. 1993 मध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेने हीरो चषकाच्या प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीस विकले. वाद न्यायालयात गेला. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही. निकाल देणाऱ्यांत आपले न्या. पी. बी. सावंत होते, याचा मला अभिमान वाटतो.

आकाश जनतेचे ठरले खरे. बाजार मात्र भरला तो हक्कांचा. सामना एकाने पाहिला काय किंवा कोटींनी पाहिला काय, कॅमेऱ्यांचा खर्च तोच. म्हणून प्रेक्षक वाढले की जाहिरातीचा दर चढतो आणि पुढच्या लिलावातली बोलीही. जत्रेतला दुकानदार जागेचे भाडे देतो ते गर्दीसाठी. गर्दीच्या हाती त्यातली दमडीही येत नाही.

2007 च्या कायद्याने थोडा विवेक दाखवला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र हक्कदाराने प्रसार भारतीस द्यावे आणि जाहिरात-उत्पन्नाचा किमान 75 टक्के वाटा स्वतः घ्यावा. परंतु 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले की, ते चित्र केबलवाल्यांकडे जाऊ नये. परिणामी मोफत तबकडीच्या घरी सामना फुकट. शेजारच्या केबलच्या घरी निराळी वर्गणी. हक्कदाराने पैसे मोजले आहेत, हे मान्य. तरी एकाच भिंतीच्या दोन अंगांना जनतेच्या आकाशाचे दोन दर असावेत, हे माझ्या मनाला पटत नाही.