लोखंडाला गप्प करू नका

मेटल डिटेक्टरच्या पडद्यावर आकडे उमटतात, खोलीच्या रेघा उमटतात, पण नांगरट झालेल्या शेतात तासन्‌तास चालताना त्याकडे बघायला फुरसत नसते. नजर ढेकळांवर असते, हात चकती जमिनीलगत डावी-उजवी फिरवत असतो आणि निवाडा कानाने करायचा असतो. खणायचं की पुढे जायचं, हे क्षणभराच्या आवाजावर ठरतं. यंत्र घेताना लोक ते किती खोलवरचं शोधतं एवढंच विचारतात. आवाज कसा लावायचा हे फारसं कुणी विचारत नाही. मला तर सगळी विद्या तिथेच आहे असं वाटतं.

मी इंग्लंडमध्ये सफक काउंटीत राहते. इथे शेतमालकाची परवानगी असेल आणि जागा संरक्षित पुरातत्त्वस्थळ नसेल, तर छंद म्हणून डिटेक्टर चालवता येतो. गहू-बार्लीची कापणी झाली की पुढच्या पेरणीपर्यंतचे दिवस आम्हा छंदी लोकांचे. माझ्याकडे मायनलॅबचं इक्विनॉक्स ८०० आहे. चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. खाली धातू असला तर त्यात विद्युतप्रवाह उठतात आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र चकतीतलं दुसरं वेटोळं टिपतं. हे उत्तर किती मागे रेंगाळलं, यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं आणि उणे ९ ते ४० यांपैकी एक आकडा देतं. लोखंड बहुतेक शून्याच्या खाली. त्याच्या वर ॲल्युमिनियमची फॉइल आणि सोन्याचे बारीक तुकडे, मग शीतपेयाच्या कॅनची कडी, पितळ, आणि वरच्या टोकाला तांब्या-चांदीची जाड नाणी.

हे आकडे किती स्वरांत वाटायचे ते आपण ठरवायचं: एक, दोन, पाच किंवा पन्नास. एका स्वरात खिळा आणि नाणं सारखंच ओरडतात. पन्नास स्वरांत जवळजवळ प्रत्येक आकड्याला आपला आवाज मिळतो, आणि गुरांच्या स्वच्छ कुरणात ते ऐकायला फार सुंदर वाटतं. पण जिथे कधीकाळी वस्ती होती, जिथे नांगराने कॅनचे तुकडे तुकडे केलेत, किंवा जिथे कचऱ्यापासून केलेलं खत पसरल्यामुळे धातूचा चुरा मातीत मिसळलाय, तिथे पन्नास स्वर म्हणजे नुसता कल्लोळ. अर्ध्या तासात कान थकतो आणि थकलेला कान चांगलं तेच सोडून देतो. अशा शेतात मी दोनच स्वर ठेवते, लोखंडाचा एक आणि बाकी सगळ्यांचा एक. एरवी पाच.

आता मुख्य मुद्दा. जवळजवळ प्रत्येक यंत्रावर लोखंड गाळून टाकायची सोय असते आणि नवखी माणसं ती लगेच लावतात, कारण शेत एकदम शांत होतं. या शांततेबद्दल माझं मत कडक आहे. चांदीच्या नाण्याशेजारी गंजका खिळा पडला असेल तर चकतीच्या एका फेऱ्यात दोघांची उत्तरं एकमेकांत मिसळून येतात. खिळ्याचं उत्तर दाबलंत की नाणंही त्याबरोबर गिळलं जाऊ शकतं. लोखंडाचा स्वर चालू असेल, पण खाली आणि हलका, तर त्या गुरगुरीच्या कडेला एक बारीकसा चिवचिवाट ऐकू येतो. मग थांबायचं, चकती आखूड फिरवायची, काटकोनात वळून पुन्हा फिरवायची. नाणं दोन्ही दिशांनी एकाच आवाजात बोलतं. वाकडा खिळा दिशा बदलली की तुटक बोलायला लागतो. उलटंही होतं. घोड्याचा नाल किंवा गंजलेला चपटा पत्रा कधीकधी थेट चांदीच्या जागी उडी मारतो. लोखंड ऐकू येत असेल तर त्या उंच स्वराच्या दोन्ही बाजूंना खरखर लागते आणि फसवणूक उघडी पडते. लोखंड गाळलेलं असेल तर उरतो फक्त तो खोटा उंच स्वर, आणि माणूस उगाच ढोपरभर खड्डा खणतो.

लोखंडाचा हा त्रास या यंत्राच्या जन्मापासूनचा आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं उपकरण घेऊन आले होते. तेसुद्धा टेलिफोनचा श्रवणभाग कानाला लावून ऐकायचं होतं. गोळी सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ केला, असं मानतात.

स्वर किती, हे ठरल्यावर स्वर कोणते, हा प्रश्न येतो. तो मला माझ्या शेजाऱ्यांनी शिकवला. ते निवृत्त ट्रॅक्टर मेकॅनिक, डिटेक्टरच्या छंदात माझ्याहून कितीतरी जुने. एकदा एकाच जागी माझ्या यंत्राचे हेडफोन त्यांना दिले, तर ते म्हणाले, "तुझी चांदी मला ऐकूच येत नाही." वय वाढतं तशी ऐकण्यातली उंच टोकाची पट्टी आधी जाते, आणि इंजिनांच्या गोंगाटात आयुष्य काढलेल्या माणसाची तर लवकरच. यंत्र मात्र चांदीलाच सगळ्यात उंच स्वर देऊन येतं! त्यांनी आपल्या यंत्रावर वरचे स्वर चांगलेच खाली आणले होते. आम्ही त्यांच्या घरामागच्या हिरवळीवर नाणी, खिळे आणि फॉइलचे कपटे मांडून बसलो आणि माझं यंत्र माझ्या कानाला लावून घेतलं. घरात बसून हे करू नये, विजेच्या तारांमुळे यंत्र भलतंच बडबडतं.

मी लहानपणी गाणं शिकले होते, ते तिथे कामी आलं. या यंत्रात स्वर पायरी-पायरीने वरखाली होतो, त्यामुळे चोख गंधार किंवा चोख पंचम मिळेलच असं नाही. पण अंतर लावता येतं. लोखंड मंद्रात खाली ठेवलं, फॉइलची पट्टी षड्जाच्या आसपास, कडी आणि पितळ मध्ये, आणि चांदी तार षड्जाच्या जवळपास, कानाला टोचणार नाही अशी. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये इतकं अंतर हवं की वाऱ्यातही चूक होऊ नये. ज्यांनी गाणं ऐकलंय त्यांना माझा सल्ला आहे की कारखान्याचे स्वर पवित्र मानू नका. आणखी एक, साधे ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. आवाज किंचित उशिरा पोहोचतो, आणि तेवढ्यात चकती वस्तूवरून पुढे गेलेली असते. तारेचे हेडफोन उत्तम.

चांदी म्हणजे उंच स्वर, हेही नेहमी खरं नसतं. इंग्लंडात १२७९ पर्यंत अर्धी किंवा पाव पेनी हवी असेल तर चांदीची पेनीच कापत. असा पाव तुकडा करंगळीच्या नखाएवढा आणि कागदासारखा पातळ असतो. आकार लहान आणि धातू पातळ असला की उत्तर खाली घसरतं. मला असा तुकडा खिळ्यांनी भरलेल्या एका कोपऱ्यात मिळाला, तो फॉइलच्या स्वरात बोलत होता. वरचेच स्वर खणणाऱ्याला तो कधीच मिळाला नसता. तेराव्या शतकातल्या कुणाच्या तरी बाजारहाटाचा हा पुरावा तळहातावर ठेवला तेव्हा मला खरोखर भरून आलं होतं.

पण त्याहून मोलाचे ठरले ते खिळे. तो तुकडा पुरातत्त्व विभागाकडे नोंदवायला गेले तेव्हा तिथल्या अधिकारी बाईंनी पहिलं विचारलं, आसपास आणखी काय ऐकू येत होतं? लोखंड एका पट्ट्यात दाट आणि मग अचानक विरळ होत होतं, खापऱ्याही तिथेच होत्या. म्हणजे बहुधा तिथे घर असावं. लोखंड गाळून चालले असते तर हे घर मला कळलंच नसतं.

याच सफकमधल्या हॉक्सन गावी १९९२ मध्ये एरिक लॉज शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधायला डिटेक्टर घेऊन निघाले आणि त्यांना रोमन काळातला ठेवा लागला. सुमारे १५,००० नाणी, शिवाय सोन्याचांदीच्या दोनशेच्या आसपास वस्तू. मला त्यांचं मोठेपण वाटतं ते पुढच्या गोष्टीत. सगळं उपसत न बसता त्यांनी कळवलं, आणि पुरातत्त्वज्ञांना पेटीचा मोठा भाग जागेवरच तपासता आला. म्हणून कुजून गेलेल्या लाकडी पेटीच्या खुणाही हाती लागल्या. ती हातोडीही सापडली आणि आज ती ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. इथल्या १९९६ च्या कायद्यानुसार असा ठेवा चौदा दिवसांत कोरोनरला कळवावा लागतो. सुटं नाणं सहसा त्यात बसत नाही, पण आपखुशीने नोंदवायची यंत्रणा आहे, आणि तिच्याकडे पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद आहे.

पुण्याला गेले की कुणीतरी विचारतंच, हे यंत्र गडावर चालेल का? २०२५ मध्ये 'छावा' चित्रपटात मुघलांच्या खजिन्याची गोष्ट आल्यानंतर बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन खणत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या वाचून मी अस्वस्थ झाले. सोन्याच्या आशेने खणणारा माणूस बाणाची टोकं, खिळे, कड्या बाजूला भिरकावतो, आणि गडावर कोण कुठे राहिलं, कुठे लढलं हे सांगणारं तेच असतं. भारतात संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय उत्खनन करणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तेव्हा डिटेक्टर गडावर नेऊ नका. नांगराच्या फाळाला काही लागलं, तर खणत न बसता जागा तशीच ठेवा, फोटो काढा आणि जिल्हाधिकारी कचेरीत कळवा.